प्रतिकार, दमन आणि विषाणू : पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेतील प्राणिप्रयोगांचा इतिहास

पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पीतज्वरावरील संशोधनातून आलेल्या अनुभवाच्या आधारे रॉकफेलर फाउंडेशनने त्या सुमारास डास, गोचीड यांसारख्या जीवांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध हाती घेतला होता, आणि त्रिनिदाद, ब्राझीलमधील बेलेम इत्यादी ठिकाणच्या प्रयोगशाळांच्या मालिकेत पुण्याचे केंद्र उभे राहिले. संस्थेचा इतिहास सहसा साथींच्या क्रमाने सांगितला जातो : जपानी मेंदूज्वर, माकडताप, चिकुनगुन्या, चांदीपुरा, निपाह आणि अखेरीस कोविड. हा क्रम बरोबर असला तरी त्यात संस्थेचे प्राणिगृह नेहमी पडद्यामागे राहते. वस्तुतः विषाणूने होणाऱ्या रोगात विषाणूने केलेली हानी किती आणि विषाणूशी लढणाऱ्या शरीराने स्वतःची करून घेतलेली हानी किती, हा विसाव्या शतकातील विषाणुविज्ञानाचा एक मूलभूत प्रश्न प्रयोगप्राण्यांच्या पिंजऱ्यांतच सोडवला गेला, आणि तो उभा राहण्यात पुण्याच्या कामाचा जो वाटा होता त्याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही.

संस्थेच्या पहिल्या दशकातील खरे उपकरण म्हणजे पांढरा स्विस उंदीर. या उंदरांचे मूळ कूळ १९२६ मध्ये क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधील लोझानहून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आणले होते. पुढे मॅक्स थेलर यांनी पीतज्वराचा विषाणू उंदराच्या मेंदूत टोचून वाढवता येतो हे १९३० मध्ये दाखवले आणि तेव्हापासून महागड्या माकडांवर होणारी बरीच कामे उंदरांवर होऊ लागली. पुण्यात सुरुवातीला हाती घेतलेल्या सर्वेक्षणात देशातील निरनिराळ्या भागांतून लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले गेले. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव सुटतो त्याला सीरम म्हणतात, आणि पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असलेले प्रतिपिंड, म्हणजे विशिष्ट विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, त्यात सापडतात. असे सीरम आणि ज्ञात विषाणू एकत्र करून ते मिश्रण उंदरांना टोचायचे आणि उंदीर जगले तर त्या माणसाच्या शरीरात त्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड आहेत असे समजायचे, अशी ही कसोटी होती. केनेथ स्मिथबर्न, ऑस्टिन केर आणि पी. बी. गटणे यांनी या पद्धतीने केलेले भारतीय रहिवाशांच्या सीरमचे परीक्षण १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी मेंदूज्वराचा विषाणू भारतात वावरत असल्याचा पहिला पुरावा या प्रकारच्या परीक्षणातूनच मिळाला. प्रत्यक्ष रुग्ण वेल्लोर परिसरात १९५५ मध्ये ओळखले गेले.

नवा विषाणू शोधायचा असेल तर मात्र प्रौढ उंदीर पुरेसा नसतो, त्यासाठी एक ते तीन दिवसांची दूधपिती पिल्ले लागतात. गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी या गावातील मुलांच्या नमुन्यांतून एक नवा विषाणू अशाच पिल्लांत वाढवला आणि प्रौढ उंदरांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही हेही त्यांना दिसून आले. या शोधानंतर कीटकजन्य विषाणूंच्या बहुतेक सर्व प्रयोगशाळांनी पिल्लांचा वापर रूढ केला आणि पुण्याचे केंद्रही त्याला अपवाद नव्हते. पिल्लू इतके संवेदनशील का, याचे एक कारण असे की जन्मतः त्याची प्रतिकारयंत्रणा पूर्ण तयार झालेली नसते : प्रतिपिंड तयार करणाऱ्या आणि बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या लसिकापेशी, म्हणजे रक्तातील व प्लीहेतील विशिष्ट पांढऱ्या पेशी, अपक्व असतात, आणि ती तयार होईपर्यंत विषाणूने मेंदू गाठलेला असतो. म्हणजेच ज्या काळात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे प्रयोगशाळेत आलेली नव्हती त्या काळात विषाणुशास्त्रज्ञ निसर्गतःच प्रतिकारशक्ती कमी असलेला प्राणी वापरत होते, आणि त्याचा फारसा विचार न करता वापरत होते.

हा विचार करण्याची वेळ लवकरच आली. कॉर्टिसोन हे अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या गटातील औषध संधिवातावर गुणकारी ठरल्यामुळे १९४९ पासून गाजत होते. ते दिलेल्या हॅमस्टरांना आणि उंदरांना पोलिओचा संसर्ग अधिक तीव्र होतो असे ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी १९५० मध्ये दाखवले. पाठोपाठ १९५१ मध्ये एडविन किलबोर्न आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी कॉर्टिसोन दिलेल्या प्रौढ उंदरांत कॉक्सॅकी विषाणूचा प्राणघातक संसर्ग घडवून आणला. तीन वर्षांपूर्वी जो विषाणू केवळ पिल्लांत वाढत होता तो आता एका औषधाच्या जोरावर प्रौढ प्राण्याला मारू लागला होता. हे औषध शरीरातील अनेक क्रिया एकाच वेळी बदलते, त्यामुळे प्रौढ उंदराचे पिल्लात रूपांतर झाले असा अर्थ काढणे घाईचे ठरले असते. पण बाहेरून दिलेल्या रसायनाने प्राण्याचे संरक्षण उतरवता येते आणि मग विषाणूचे वर्तन पाहता येते, हा मार्ग येथून मोकळा झाला.

पुण्याच्या केंद्राला त्याचा स्वतःचा मोठा प्रश्न १९५७ मध्ये मिळाला. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. माकडांचे मरणे आणि माणसांचा ताप एकत्र दिसला की दक्षिण अमेरिकेत व आफ्रिकेत पीतज्वराची शंका घेतली जाते. तो रोग आशियात कधीच आलेला नसल्यामुळे ही बातमी आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरली. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी तेथे पोहोचले. मृत प्राण्यांचे अवयव व रुग्णांचे रक्त पिल्लांत टोचल्यावर जो विषाणू मिळाला तो पीतज्वराचा नसून रशियातील वसंत-उन्हाळी मेंदूज्वराच्या कुळातला, गोचिडांमार्फत पसरणारा, आणि तोवर अज्ञात असलेला असा निघाला. मुख्य वाहक गोचीड हीमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीचा असल्याचेही पुढे निश्चित झाले. क्यासनूर जंगलाचे नाव मिळालेला हा रोग मराठीत माकडताप म्हणून ओळखला जातो. त्यावर रशियन विषाणूपासून उंदरांच्या मेंदूत बनवलेली लस आधी वापरून पाहिली गेली, पण तिचा उपयोग झाला नाही, आणि नंतर पुण्यातच कोंबडीच्या भ्रूणपेशींवर विषाणू वाढवून व फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून खास माकडतापाची लस तयार करण्यात आली.

या रोगाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. माकडतापात विषाणू रुग्णाच्या रक्तात सुमारे १२ ते १३ दिवस टिकतो, जे या कुळातील विषाणूंच्या मानाने पुष्कळ आहे; रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या घटते, रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग ताप उतरतो. बहुतेक रुग्ण येथेच बरे होतात. परंतु काहींना, साधारणपणे दहा ते वीस टक्क्यांना, एक ते दोन आठवड्यांच्या स्वस्थतेनंतर पुन्हा ताप येतो आणि या वेळी डोकेदुखी, मान ताठरणे, हातापायांना कंप, भ्रम अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. पहिल्या टप्प्यात विषाणू भरपूर आणि प्रतिपिंड कमी असतात, दुसऱ्या टप्प्यात नेमके उलट असते. ज्या वेळी शरीर विषाणूवर मात करीत असते त्याच वेळी मेंदूची लक्षणे का दिसावीत?

हा प्रश्न पुण्याच्या केंद्रात काम करीत असलेल्या ह्यूबर्ट वेब या इंग्रज डॉक्टरांसमोर आला. वेब यांनी रुग्णांमधील मज्जासंस्थेच्या गुंतागुंतींचे वर्णन १९६१ मध्ये एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले, त्यानंतर माकडांना विषाणू टोचून त्यांच्या रक्तनिर्मितीवर होणारे परिणाम अभ्यासले, आणि टोपीमाकडांच्या मेंदूत दिसणाऱ्या बदलांवरील निबंध १९६६ मध्ये लिहिला. पुढे लंडनला परतल्यावर त्यांनी सी. ई. गॉर्डन स्मिथ यांच्यासह त्याच वर्षी असे मत मांडले की विषाणुजन्य मेंदूज्वरातील मेंदूच्या जखमा केवळ विषाणूमुळे होत नसून काही प्रमाणात त्या विषाणूविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिकाराच्याही असाव्यात. क्यासनूरच्या खेड्यांतील रुग्ण आणि पुण्यातील माकडे यांच्यापासून सुरू झालेला हा विचार होता, आणि म्हणून संस्थेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान द्यायला हवे. प्रत्यक्षात मात्र गोचीड, वानरे आणि लस या तीन गोष्टींवर लिहिताना तो जवळजवळ नेहमीच वगळला जातो.

वेब आणि स्मिथ यांनी याच काळात केलेले आणखी एक काम आजच्या नीतिनियमांच्या कसोटीवर कदाचित मान्य झाले नसते. माकडतापाचा विषाणू आणि त्याचा मलायातील सौम्य आप्त लंगाट विषाणू त्यांनी रक्ताच्या कर्करोगासह प्रगत अवस्थेतील कर्करोगाच्या २८ रुग्णांना उपचार म्हणून टोचले. विषाणूने पांढऱ्या पेशी घटतात, तर कर्करोगाच्या पेशीही घटतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. काही रुग्णांना मेंदूज्वर झाला. आजाराने आणि उपचारांनी ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचली आहे अशा शरीरात एरवी सौम्य समजला जाणारा विषाणूही किती वेगळे वागू शकतो, हे त्या रुग्णांमुळे कळले, आणि ते माणसांवर कळण्याऐवजी आधी उंदरांवर कळले असते तर अधिक बरे झाले असते.

उंदरांवरचे असे प्रयोग करण्याचे साधन तोपर्यंत उपलब्ध झाले होते. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध १९५८ मध्ये जर्मनीत कर्करोगावरील उपचारासाठी तयार करण्यात आले. ते यकृतात गेल्यावर क्रियाशील होते आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींच्या जनुकीय द्रव्याला इजा करून त्यांना मारते. विषाणूचा संसर्ग झाल्यावर त्याला ओळखणाऱ्या थोड्याशा लसिकापेशी झपाट्याने विभागून आपली संख्या वाढवतात, आणि नेमक्या त्या वेळी हे औषध दिले तर वाढू पाहणारी तुकडी नष्ट होते. त्यातही प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींवर त्याचा आघात अधिक असतो. क्ष-किरणांचा मारा, ॲझाथायोप्रीन, लसिकापेशींविरुद्ध दुसऱ्या प्राण्यात तयार केलेले सीरम, आणि पुढे १९७० च्या दशकात नॉर्वेतील मातीतून मिळालेल्या बुरशीपासून काढलेले व टी-पेशींना, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या लसिकापेशींना, संदेश पोहोचू न देणारे सायक्लोस्पोरिन, ही या पेटीतील इतर साधने. प्रत्येकाची क्रिया वेगळी असल्यामुळे प्रतिकाराचा कोणता भाग काढला की रोगाचे काय होते, हे स्वतंत्रपणे तपासता येऊ लागले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेराल्ड कोल आणि नील नेथन्सन यांनी १९६८ मध्ये दाखवले की प्रतिकारशक्ती दाबण्याइतक्या मात्रेत सायक्लोफॉस्फमाइड दिल्यास कीटकजन्य विषाणूंचा मेंदूज्वर उंदरांत बळावतो. त्वचेखाली किंवा पोटात टोचलेला विषाणू एरवी प्रौढ उंदीर सहज पचवतो. औषध दिलेल्या उंदरात मात्र तो रक्तात अधिक काळ राहतो, मेंदूत शिरतो आणि प्राणी मरतो. वेस्ट नाइल विषाणूवरील पुढच्या प्रयोगांत, औषध दिलेल्या उंदरांना बाहेरून प्रतिपिंड पुरवल्यास त्यांतले बरेच वाचतात असेही दिसले, आणि त्यावरून रक्तातून मेंदूकडे जाणारी वाट अडवण्याचे काम मुख्यतः प्रतिपिंड करतात हे स्पष्ट झाले. इंग्लंडमध्ये पोर्टन येथील प्रयोगशाळेत, जिचे संचालक तेव्हा गॉर्डन स्मिथच होते, आय. झ्लॉटनिक यांनी औषध दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. तेथे रक्तवाहिन्यांभोवती लसिकापेशींचा जो गराडा मेंदूज्वरात नेहमी दिसतो तो विरळ झालेला होता, पण मज्जापेशी मरतच होत्या. या विषाणूंच्या बाबतीत तरी प्रतिकाराचे पारडे एकंदरीत संरक्षणाच्या बाजूला झुकते. दाह दबला म्हणून रोग टळत नाही.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण एका वेगळ्याच विषाणूने दिले. उंदरांत आढळणारा लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिसचा विषाणू प्रौढ उंदराच्या मेंदूत टोचला तर साधारण आठवड्याभरात आचके येऊन तो मरतो. मात्र क्ष-किरणांनी किंवा औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती आधी दाबली तर तो जगतो, हे १९५० च्या दशकातच लक्षात आले होते. डोनाल्ड गिल्डन, कोल, मोन्जन आणि नेथन्सन यांनी १९७२ मध्ये त्याची सांगोपांग तपासणी केली. विषाणू टोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी शरीराच्या दर किलो वजनामागे १५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड एकदाच दिले असता बहुसंख्य उंदीर वाचले, आणि त्यांच्या मेंदूत विषाणू मात्र मुबलक प्रमाणात व दीर्घकाळ राहिला. अशा निरोगी दिसणाऱ्या वाहक उंदरांना त्याच विषाणूशी आधी सामना झालेल्या उंदरांच्या प्लीहेतील पेशी दिल्या की ते थोड्याच दिवसांत मरत. येथे मारणारा विषाणू नव्हता, विषाणूने भरलेल्या मेंदूवर चालून आलेल्या टी-पेशी होत्या. दोन वर्षांनी याच विषाणूवर काम करताना पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी टी-पेशी बाधित पेशी कशा ओळखतात याचा उलगडा केला आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच औषधाने एका विषाणूचा रोग बळावतो आणि दुसऱ्याचा शमतो, म्हणून अशा प्रयोगांचे अर्थ लावणे अवघड असते. औषध संसर्गाच्या आधी दिले की नंतर, एकदा की रोज, विषाणू मेंदूत टोचला की कातडीखाली, आणि उंदीर कोणत्या वंशाचा, यांपैकी एक बाब बदलली तरी निष्कर्ष फिरतो. संसर्गाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलेली जी मात्रा टी-पेशींची चाल थोपवते तीच पाचव्या-सहाव्या दिवशी निरुपयोगी ठरू शकते. शिवाय सायक्लोफॉस्फमाइड आतड्याच्या आवरणालाही इजा करते, आणि प्राणी विषाणूने मेला, औषधाने मेला की आतड्यातून रक्तात शिरलेल्या जिवाणूंनी मेला, हे ठरवण्यासाठी केवळ औषध दिलेला आणि केवळ विषाणू टोचलेला असे दोन्ही गट स्वतंत्रपणे ठेवावे लागतात. हे गट नसलेले जुने निबंध आजही संदर्भ म्हणून दिले जातात, ही गोष्ट शोचनीय आहे.

भारतात या दिशेने सर्वाधिक सातत्याने काम झाले ते लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजमध्ये. तेथे यू. सी. चतुर्वेदी आणि आशा माथूर यांच्या गटाने प्रतिकारदमनाचा उंदरांतील डेंगू संसर्गावर होणारा परिणाम १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे डेंगूचा विषाणू स्वतःच उंदराच्या प्रतिकारशक्तीचा काही भाग दाबतो असे दाखवणारी निबंधांची मोठी मालिका लिहिली. विषाणू दमनाचे काम स्वतः करू शकतो ही कल्पना १९८० च्या दशकात एड्सच्या रूपाने साऱ्या जगासमोर आली. त्या वेळी पुण्याच्या संस्थेच्या संचालक डॉ. खुर्शीद पावरी होत्या आणि भारतातील या रोगाच्या आरंभीच्या तपासण्यांत संस्थेचा सहभाग होता; या विषयाचा व्याप वाढल्यावर १९९२ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था वेगळी स्थापन झाली.

संस्थेच्या स्वतःच्या कामात प्रतिकारशक्ती आणि वय यांचा संबंध पुन्हा ठळकपणे आला तो चांदीपुरा विषाणूमुळे. नागपूर परिसरात १९६५ मध्ये चिकुनगुन्या व डेंगू यांच्या साथीचा तपास चालू असताना दोन रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू मिळाला, भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि त्यानंतर अनेक वर्षे तो फारसा महत्त्वाचा मानला गेला नाही. आंध्र प्रदेशात २००३ मध्ये मेंदूज्वराने आजारी पडलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली आणि त्या साथीचे कारण म्हणून चांदीपुरा पुढे आला, तेव्हा तो लहान मुलांनाच का मारतो हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ पुन्हा उंदरांच्या पिल्लांकडे वळले. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू पिल्लांना झपाट्याने मारतो, तर मोठा उंदीर त्वचेखाली टोचलेल्या विषाणूला दाद देत नाही. संस्थेतील बालकृष्णन आणि मिश्रा यांनी २००८ मध्ये संवेदनशील उंदरांतील प्रतिकारप्रतिसादाचे मापन प्रसिद्ध केले. पिल्लाची दुर्बलता केवळ लसिकापेशींच्या अपक्वतेतून येत नाही, मज्जापेशींचे वय आणि इंटरफेरॉन या तातडीच्या संरक्षक प्रथिनाची निर्मिती यांचाही त्यात भाग असतो. म्हणून औषध दिलेला प्रौढ उंदीर आणि दूधपिते पिल्लू यांना एकमेकांच्या जागी वापरता येत नाही.

प्राणी मिळण्याची परिस्थितीही दरम्यान बदलली होती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ मध्ये नेमली गेली, आणि १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी व प्रत्येक प्रयोगाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. माकडांची निर्यात भारताने १९७८ मध्ये थांबवली. १९५० च्या दशकात जंगलातून माकडे पकडून आणणे ही सोय होती, आज ती अपवादात्मक बाब आहे, आणि ती तशीच राहावी हे योग्य आहे.

असा अपवाद २०२० मध्ये करावा लागला. पुण्यातील पाषाण येथे संस्थेची सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा २०१२ पासून उभी होती, म्हणजे अत्यंत घातक विषाणूंवर बंदिस्त हवेच्या व्यवस्थेत काम करण्याची सोय हाताशी होती. कोविडचा विषाणू वेगळा करून त्यापासून भारत बायोटेकने बनवलेल्या निष्क्रिय लसीची परीक्षा संस्थेने आधी सीरियन हॅमस्टरांवर आणि नंतर माकडांवर घेतली. टाळेबंदीच्या काळात वनविभागाच्या साहाय्याने महाराष्ट्रातील जंगलांतून पकडलेल्या वीस ऱ्हीसस माकडांचे पाच-पाचचे चार गट करून, १४ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा देऊन, आणखी १४ दिवसांनी त्यांना विषाणू देण्यात आला, आणि लस दिलेल्या माकडांची फुप्फुसे सुरक्षित राहिली. हॅमस्टर या विषाणूने आजारी पडतो पण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतो, त्यामुळे गंभीर रोगाचा नमुना म्हणून तो अपुरा होता. मेरीलँडमधील अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत रिबेका ब्रोकॅटो आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी यावर जुनाच उपाय केला : हॅमस्टरांना सायक्लोफॉस्फमाइड दिले, आणि मग त्यांच्यातील विषाणूचे प्रमाण वाढले, वजन अधिक घटले व आजार लांबला. त्याच गटाने २०१४ मध्ये हॅमस्टरांना एरवी आजारी न पाडणाऱ्या सिन नोम्ब्रे हंताविषाणूचा प्राणघातक नमुना डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांच्या जोडीने तयार केला होता.

डेक्सामेथासोन या कॉर्टिसोनच्याच वंशातील औषधाने माणसांतही हा दुहेरी हिशेब दाखवून दिला. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये जाहीर केले की व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू या औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक-पंचमांशाने घटतात, पण ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना काहीही लाभ होत नाही. आजाराच्या उत्तरार्धात शरीराचा दाह दाबणे हितकारक आणि पूर्वार्धात निष्फळ, हे उंदरांतील क्रमाच्या उलट असले, तरी दमनाचा परिणाम वेळेवर ठरतो या बाल्टिमोरच्या उंदरांनी पन्नास वर्षांपूर्वी वेगळ्या विषाणूबाबत सांगितलेल्या नियमाशी जुळणारे होते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या बुरशीने जो कहर केला त्यात अनियंत्रित मधुमेहाबरोबरच या औषधांच्या अतिरेकी वापराचाही हात होता.

आता जनुके काढून टाकलेले उंदीर मिळत असल्यामुळे अनेक प्रयोगशाळांत औषधे मागे पडली आहेत. इंटरफेरॉनचा संदेश न समजणाऱ्या उंदरात डेंगू, झिका, चिकुनगुन्या असे कितीतरी विषाणू वाढतात, आणि औषधाच्या विषारीपणाचा संशय तेथे उरत नाही. परंतु अशा उंदरात प्रतिकाराचा तो भाग जन्मापासूनच नसतो. ठरावीक दिवशी प्रतिकार बंद करणे आणि काही दिवसांनी तो परत येऊ देणे हे औषधानेच साधते, आणि माकड किंवा हॅमस्टर यांच्या बाबतीत तर व्यवहारात तोच मार्ग उरतो. माकडतापाचा दुसरा टप्पा समजून घ्यायचा तर प्रयोगाची रचना नेमकी अशीच हवी.

हा रोग आता शिमोग्यापुरता राहिलेला नाही. कर्नाटकातून तो केरळ व तमिळनाडूच्या सीमाभागात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात पोहोचला, आणि काजूच्या बागांत काम करणारी माणसे त्याला बळी पडू लागली. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच मृत्यू, विशिष्ट औषध उपलब्ध नाही, जुनी लस परिणामकारकतेच्या प्रश्नामुळे थांबवलेली आणि नव्या लसीचे काम चालू, अशी सद्यस्थिती आहे. दुसऱ्या टप्प्यातील रुग्णाला दाह दाबणारे औषध द्यावे की देऊ नये, याचा निर्णय जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरला प्रायोगिक पुराव्याच्या भक्कम आधाराशिवाय घ्यावा लागतो. या विषाणूचा रोग भारताबाहेर होत नसल्यामुळे हा पुरावा दुसरा कोणताही देश आपल्यासाठी गोळा करणार नाही. बंदिस्त प्रयोगशाळा, विषाणू, प्रशिक्षित पशुवैद्यक आणि नियमांची चौकट हे सर्व पाषाणमध्ये आहे. वेब यांनी पुण्यात उपस्थित केलेल्या प्रश्नाचे काम संस्थेने आता पुन्हा हाती घ्यावे आणि त्यासाठी वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतंत्र निधीची तरतूद करावी.